चार बोटांचं पाऊल

गीताचं हे वागणं मला पसंत नाही, कधीच नव्हतं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पाहुणी म्हणून माझ्या लेकाच्या घरी परभणीला आलेली बाई, डोळ्यावरची हिरवी झापड अजून निघालेली नाही, डॉक्टरांनी पंधरा दिवस खाली वाकायचं नाही म्हणून दोनदा बजावलेलं, आणि ही बया माझ्या सुनेच्या देखत ओलं फडकं घेऊन फरशीवर बसते आणि माझी पावलं पुसते. झालं होतं एवढंच. मी आंघोळ करून ओल्या पायांनी निघाले. स्वयंपाकघराच्या दारात निवेदिता ज्वारीचं पीठ चाळत होती, त्यातलं पसाभर सांडलेलं मला दिसलं नाही. त्या चॉकलेटी फरशीवर दारापासून माझ्या पलंगापर्यंत पावलं उमटली. उजवं पाच बोटांचं, डावं चार बोटांचं. डाव्या पायाची करंगळी लहानपणी माहेरी सरपण फोडताना कुऱ्हाडीखाली गेली, तेव्हापासून माझं पाऊल कोणालाही ओळखू येतं. मी म्हटलं, "कशाला वाकायलीस? डोळा भाईर पडंल." तर फडकं पिळत, मान खालीच ठेवून म्हणते, "पडू द्या, अक्का. सवय हाय मला. बहात्तर साली बी मीच पुसली हुती की तुमची पावलं."

निवेदितानं चाळणी थांबवून विचारलं, "कुठली पावलं, काकू?" गीता म्हणाली, "काई न्हाई गं. चिखलातली." आणि उठली, हात धुतले, बशीत ओतून चहा प्यायली. मी पलंगावर बसले होते. पाय अजून ओले होते. गीता माझी धाकटी जाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, माझ्यानंतर घरात आलेली, माझ्या हाताखाली भाकरी शिकलेली. त्रेपन्न वर्षांत ही बाई माझ्यापुढं मोठ्यानं बोललेली नाही. ती भोळी आहे असं मी तिच्या तोंडावर आणि माघारी सांगत आले. आणि आता ती चहाची बशी चाटून पुसून ठेवतेय आणि मला एवढंच समजतंय, की हिला माहीत होतं. सगळं, पहिल्या दिवसापासून.

या घराला खिडक्या मोठ्या आहेत, पण दिसत काही नाही. समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसते, टाकीवरून वाहून वाळलेल्या पाण्याचे पट्टे दिसतात, एकाखाली एक. माधवला मी म्हटलं होतं, तुझ्या शहरात पाणी फक्त भिंतीवर दिसतं. तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय. त्या दिवशी मी दुपारभर ते पट्टे बघत बसले. येलदरीच्या धरणाचा काठ असाच असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाणी म्हणजे ताटात वाढलेलं वरण, एका जागी निवांत. पण दसऱ्याला काठोकाठ असलेलं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं. कालव्याला सोडतात, वीज करायला सोडतात. चार दिवस थांबतं, लाटा तेवढ्याच जागी आपटतात, काठाला खाच पाडतात. मग पुन्हा हातभर उतरतं, पुन्हा थांबतं, पुन्हा खाच. माघापर्यंत सगळा उतार पायऱ्यापायऱ्यांचा होतो. मला त्या पायऱ्या वाचता येतात. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, त्यातलंही निम्मं विसरले, पण यंदा पाणी कुठं आठ दिवस अडलं आणि कुठं एका रात्रीत पळालं हे मी काठाकडं बघून सांगते, आणि कोणी माझं खोडून काढत नाही. आमचं गाव त्या पाण्याखाली आहे. घर, पार, मारुती, चिंच, सगळं. धरण भरलं तेव्हा सरकारनं वर माळावर प्लॉट दिले. पण दरवर्षी पाणी उतरलं की जुन्या शिवाराचा वरचा भाग उघडा पडतो, अंगावर गाळ घेऊन. त्यात बी टाकायचं. पाणी द्यायचं काम नाही, खत घालायचं काम नाही. याला गाळपेर म्हणतात. कागद पाटबंधाऱ्याचा, अकरा महिन्यांचा, आमच्या मालकांच्या आणि नागनाथ भावजींच्या, म्हणजे गीताच्या नवऱ्याच्या, दोघांच्या नावावर. पण कागदावर आतली हद्द नाही. दोघा भावांतली हद्द माझ्या पायात आहे. मी जिथं उभी राहून "हितं" म्हणते तिथं खुंटी ठोकतात.

आणि ती हद्द मी चोरलेली आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मालकांना सांगितलं नाही, ते जाताना त्यांच्या तोंडात गंगा घातली तेव्हाही नाही. बहात्तरच्या दुष्काळात धरण इतकं उतरलं, की बुडाल्यावर पहिल्यांदाच आमचं अर्धं शिवार दिसलं. पुरुष रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, दोन लेकांत वाटणी केली. बुडालेल्या घरातलं आमचं जातं तिथं चिखलात सापडलं होतं, त्याचा खालचा दगड त्यांनी मधोमध ठेवला. म्हणाले, याच्या अलीकडं थोरल्याचं, पलीकडं धाकट्याचं. ओढा जिथं धरणाला मिळतो ते तोंड धाकट्याच्या वाट्याला गेलं. त्या तोंडाशी गाळ गुडघाभर होता, काळा, लोण्यासारखा. माझ्या बाजूला मुरूम होता. मी घरात सात वर्षं राबलेली आणि ही पोर कालची आलेली, हातावरची मेंदी उतरलेली नाही, हिला लोणी का? दुसऱ्या दिवशी दुपारी, शिवारात चिटपाखरू नसताना, मी गेले. जात्याचा दगड कडेवर उभा केला आणि चाकासारखा लोटत वीस पावलं पलीकडं नेला. ओढ्याचं तोंड माझ्याकडं आलं. वरून साय धरल्यासारखा सुकलेला गाळ आतून ओला होता. मी मागं वळून बघितलं तर जात्याची चाकोरी आणि तिच्या शेजारून माझी पावलं. उजवं पाचाचं, डावं चाराचं. वीस पावलांत दहा वेळा माझं नाव लिहिलेलं. तेव्हा कोणाच्या तरी बैलांची घुंगरं ऐकू आली आणि मी पळाले. वाटलं, ऊन फोडून टाकेल. ऊन गाळावरचं पाऊल फोडत नाही, भाजून विटेसारखं पक्कं करतं, हे मला त्या रात्री अंथरुणात आठवलं. असली चूक लहान पोरही करत नाही, गाळात वाढलेलं तर नाहीच.

सकाळी मामंजी गेले तेव्हा मी चुलीपुढं होते. ते परत आले आणि म्हणाले, दगड ठेवला तिथं हाय, लेको आता भांडू नका. त्यांची नजर तेव्हाच अधू झाली होती, वीस पावलं इकडची तिकडं कळली नसतील, पण पावलं? मी दुपारी धुणं घेऊन मुद्दाम तिकडून गेले. गाळ साफ होता. सारवल्यासारखा. मी तिथंच पदर पसरला. मला वाटलं पूर्णामायनं पुसलं. नदीनं आमचं घर घेतलं, शिवार घेतलं, तेवढ्याची भरपाई म्हणून मला पोटाशी धरलं. त्या दिवसापासून दरवर्षी हद्द दाखवायला गेले की मी पूर्णामायची ओटी भरते. खण, नारळ, पसाभर गहू. गावातल्या बाया म्हणतात, नर्मदाबाई लय भाविक. ताट धरायला शेजारी कोण, तर गीता. आणि मालक गेल्यापासून माझ्या हातानं ओटी चालत नाही म्हणून गीताच्याच हातानं सोडते. म्हणजे जिनं पुसलं तिच्याच हातानं मी नदीचे उपकार फेडत होते, आणि ती बाई ताट धरून मुकाट्यानं उभी राहत होती. तोंडात मूग. नारळ पाण्यात सोडताना तिला हसू येत असेल. का नसेल येत? मला आलं असतं.

पाण्यानं माझ्याशी जे केलं ते वेगळंच. डोक्यावर ओझं घेऊन आलेली बाई जड ते दारातच टाकते आणि हलकं तेवढं आत नेते. ओढ्याचंही तसंच. पावसाळ्यात धावत येतो, धरणाचं थांबलेलं पाणी लागलं की दम टाकतो, आणि वाळू, गोटे, मुरूम सगळं तोंडाशीच टाकतो. मऊ गाळ पुढं जातो, आडोशाला, निवांत पाण्यात बसतो. पहिली दोन वर्षं मी लोणी खाल्लं. मग वाळू येऊ लागली. दरवर्षी वीतभर. मी चोरलेली वीस पावलं वर उचलली गेली, उंटाच्या पाठीसारखी, आणि धरण भरलं तरी पाणी तिथं पोचेना. वेडी बाभूळ आली. आणि त्या वाळूच्या पाठीमागं, पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळून, गीताच्या वाट्याला सगळा मऊ गाळ बसला. बाकीचा काठ लाटा कापून नेतात, तिचा वाढतो. माझ्या चोरीनं तिला भिंत घालून दिली. तिथं तिच्या लेकाची, योगीराजची, टरबुजं होतात, हरभरा होतो, आणि हे पोरगं दरवर्षी पहिलं टरबूज मला आणून देतं. मी कापते, चाखते आणि म्हणते, यंदा पानचट निघालं. कधीही पानचट नसतं.

आता माधवचं. हा माझा एकुलता एक. नोकरीत मुरलेला, शिवारात वर्षातून एकदा बूट घालून येणारा. मागच्या आठवड्यात गीता पुढच्या खोलीत निजली होती तेव्हा माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "आई, तो जात्याचा दगड आता दोन पुरुष गाळाखाली गेला असंल. कुठं होता हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक हाय? यंदा जरा पुढं उभी राहा. वीस-तीस पावलं. आपल्याला नुसती वाळू आन त्यांना सगळा गाळ, हे काय बरोबर न्हाई." मी म्हटलं, "बरोबरचं तू मला शिकवायलास?" पण नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वीस-तीस पावलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी आकडा तोच निघाला त्याच्या तोंडून. रक्त आहे म्हटलं. मी मनात उभी राहूनही झाले होते, पायाखाली तो गार मऊ गाळ लागलासुद्धा. योगीराजचं काय, त्याची बायको, दोन पोरी, आजारी बाप, सगळं त्या गाळावर चालतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असणं आणि मनात येणं यात फरक असतो. आणि मग ही बया फडकं घेऊन बसली.

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. एकाच खोलीत दोन पलंग. ती झोपली की घोरते. जागी असली की एका डोळ्यानं बघते. मी तिच्या बोलण्याला उलटून पालटून बघत होते, डाळीतले खडे निवडावे तसं. आत्ताच का बोलली? माधवचं ऐकलं असेल. भिंती पातळ आहेत. म्हणजे ही धमकी. पण धमकी असती तर निवेदितासमोर पुरती बोलली असती, चिखलातली म्हणून झाकलं का? मग उपकार. पन्नास वर्षांचा उपकार, व्याजाशिवाय, न सांगता, गुपचूप शिजत ठेवलेला. माझ्याकडून शिव्या खाल्ल्या तेव्हा तिच्या कनवटीला तो होता. तिचा भात करपला म्हणून मी सगळ्यांसमोर पातेलं पालथं केलं तेव्हाही होता. मी स्वतःला घरातली उंच बाई समजत होते आणि ती तिकडं खाली बसून माझ्या उंचीखाली बोट घालून होती. चोर म्हणाली असती तर मी झिंज्या धरल्या असत्या, भांडण झालं असतं, मिटलं असतं. तिनं भांडूच दिलं नाही. तिनं मला माझीच चोरी नीट भोगू दिली नाही.

रविवारी हद्द दाखवायला माधवच्या गाडीतून निघालो. मागच्या सीटवर मी आणि गीता, मध्ये ओटीचं ताट फडक्यात बांधलेलं. जिंतूर मागं पडेपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले. मग माझं तोंड आपोआप उघडलं.

"कशानं पुसलीस?"

तिला लगेच कळलं. म्हणाली, "हातानं. दुसरं काय हुतं तिथं? वढ्याचं पानी आणलं वंजळीनं आन सारवलं."

"आन का?"

"मामंजीनं बघितलं असतं तर तुमाला माहेरी धाडलं असतं. मग सासूबाईच्या तावडीत मी एकलीच ऱ्हायले असते. लय भ्या वाटायचं मला त्यांचं." आणि हसली. पुढचे दोन दात नाहीत तिला. "तुमी हुत्या तर निम्म्या शिव्या तुमाला पडायच्या."

माधवनं आरशातून विचारलं, "काय चाललंय तुमचं?"

"तू रस्ता बघ," मी म्हटलं.

क्षणभर मला हलकं वाटलं. म्हणजे उपकार नव्हता, मतलब होता. मतलब मला समजतो. पण गाडी घाट उतरायला लागली, डाव्या हाताला पाणी चमकलं, आणि मला तिचा चेहरा दिसला, झापडेखालचा, शांत, चहा प्यायल्यासारखा. आणि उमगलं, की हेही पुसणंच आहे. मला ओझं होऊ नये म्हणून तिनं आत्ता, गाडीत बसल्या बसल्या, एक खोटं कारण ओलं करून माझ्यावरून फिरवलं. किंवा खरंही असेल. तिच्याबाबतीत मला कळतच नाही, आणि न कळणं मला सोसत नाही. काठाच्या पायऱ्या वाचणारी मी, आणि खोलीतली बाई वाचता येईना.

काठावर योगीराज खुंट्या आणि दोर घेऊन उभा होता, शेजारचे दोघं-तिघं होते. पाणी चांगलंच उतरलेलं. त्यानं माझ्या पाया पडून विचारलं, "मोठ्याई, चपला काढता का? गाळ ओला हाय." मी काढल्या. माझी नेहमीची जागा मला डोळे मिटून सापडते. समोरच्या टेकडीचा सुळका आणि डावीकडचं वाकडं पळसाचं झाड एका रेषेत आलं की ती जागा. तिथं पोचले. गार गाळ बोटांतून वर आला, नऊ बोटांतून. माधव मागं आला, खोकला, आणि डोळ्यांनी पुढं दाखवलं, टरबुजाच्या गाळाकडं. पुढं वीस पावलं म्हणजे योगीराजचं अर्धं शिवार. गीता ताटाचं फडकं सोडत काठाशी बसली होती आणि माझ्याकडं बघतही नव्हती. तिनं ठरवलं होतं. मी काहीही केलं तरी ती ताट धरून उभी राहणार होती. मी पुढं गेले असते तरी.

मी वळले आणि मागं चालायला लागले. एक, दोन, मोजत. गाळ संपला, वाळू लागली, पाय भाजले, वेड्या बाभळीचा काटा टाचेत गेला. विसाव्या पावलाला थांबले. मामंजींनी दगड ठेवला होता तिथं आता पुरुषभर उंच वाळू होती. मी म्हटलं, "हितं."

माधव म्हणाला, "आई, तिथं न्हाई. चुकायलीस. पुढं."

"दगड तू बघितला हुतास का मी?"

योगीराज खुंटी हातात धरून उभा. "मोठ्याई, हे तर तुमचंच हाय की. आन ही वाळू मी काय करू?"

"तुझी हाय, काय बी कर. लेकरांना खेळायला दे." मग मी गावातल्या माणसांकडं बघून म्हटलं, म्हणजे त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "मामंजीनं दगड हितं ठेवला हुता. मी तो लोटत तिथं नेला. बहात्तर साली. भर दुपारी. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या मनानं नेला. आता ठोक खुंटी."

माधव पाठ फिरवून गाडीत जाऊन बसला, दार आपटलं नाही, एवढी रीत त्याला आहे. आणि तेव्हा गीता उठली. ताट हातात घेऊन, पदर सावरत, एका डोळ्यानं वाट शोधत गाळातून आली आणि माणसांना म्हणाली, "ऊन लागलंय अक्काला. वय झालं. त्यांचं काय ऐकायलाव? जुन्याच जागी ठोका." असं म्हणत तिनं ताट खाली ठेवलं आणि ती वाकली. खरंच वाकली, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं असताना, आणि माझ्या पहिल्या पावलावर, चार बोटांच्या, तळहात ठेवला.

मी वाळूवरून उतरले. जाऊन तिच्या पुढ्यात उभी राहिले. तिचा हात तसाच होता. मी ताटातला नारळ उचलून तिच्या पदरात टाकला आणि म्हटलं, "गीता, ऊठ. हा नारळ नदीचा न्हाई, तुझा हाय. घरी ने आन चटणी कर. नदीनं माझं काई झाकलं नव्हतं. चोरी मी केली, ती माझी हाय, मरताना मी घेऊन जाईन. तू ती पन्नास वरसं पदराला बांधून हिंडलीस आन मला कळू दिलं न्हाईस. तू माझ्यापेक्षा मोठी चोर हायीस, आन हे मी ह्या चार माणसांत सांगायले. आता ही पावलं पाणी चढंस्तोवर हितंच ऱ्हातील. सगळ्या गावानं येऊन बघावीत. हात उचल. आन परत लावलास तर दुसरा डोळा मी काढीन."